सिमेंटचा सासरा आणि शिशाचं कोकरू

"यंदा दुबोवेत्स तलावाची पाळी," हाबार्तकाका मिशीवरचा बिअरचा फेस पुसत म्हणाले. "सप्टेंबरअखेर पाणी सोडणार, ऑक्टोबरात मासे धरणार. बघाच मास्तर, जाळं ओढता ओढता कोळ्यांच्या कंबरा मोडतील."

लुबोर पेशेकनं मान डोलावली. शाळेत भूगोल शिकवणारा माणूस कशालाही मान डोलावू शकतो. तलाव रिकामा करायचा आणि नाताळासाठी मासे धरायचे, ही दक्षिण बोहेमियातली रीत त्याला माहीत होती. लग्न होऊन तो डोंगरातून इथं आला तेव्हापासून प्रत्येक खेपेला तो बांधावर हजर असायचा. पण हजर म्हणजे सासूबाईंच्या तळणाच्या गाड्यामागे, माशाच्या तुकड्यांना पीठ फासत. तोंड कढईकडे, पाठ तलावाकडे. खाली नेमकं काय चालतं ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं.

"सगळंच पाणी सोडतात?" त्यानं सहज विचारलं.

"छे! मासे काय वाळवायचेत? बांधाजवळ खड्डा आहे ना, सगळ्यात खोल? तेवढ्यातच पाणी ठेवायचं. तलावभरचे मासे तिथं गोळा होतात. मग त्या खड्ड्यातून जाळं फिरवायचं, तळाला घासून. शिंपलासुद्धा राहत नाही मागं."

लुबोरची बिअर भलत्याच नळीत गेली. हाबार्तकाकांनी पाठीत गुद्दे घातले. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, शेजारी राहायचे, आणि गुद्दे व सल्ले दोन्ही सढळ हातानं द्यायचे.

गोष्ट अशी होती की त्याच खड्ड्यात फेब्रुवारी महिन्यात लुबोरनं आपल्या सासऱ्याला बुडवलं होतं.

घाबरू नका. सासरे सिमेंटचे होते. खरे सासरे, याखिम, त्याच तलावाचे राखणदार होते आणि रीतसर अंथरुणात वारले होते. त्यानंतर सासूबाई व्लास्ता यांनी एक अख्खा हिवाळा गॅरेजमध्ये कोंडून घेतलं आणि बागेत ठेवतात तसा सिमेंटचा बुटका घडवला. लाल टोपी, रबरी बूट, तोंडात पाईप. चेहरा मात्र याखिमचा. कलेचा गंध नसलेल्या बाईनं तो कसा साधला देव जाणे, पण साधला होता. तोही कुठला? लुबोर पहिल्यांदा लेकीचा हात मागायला आला होता त्या दिवशीचा! गाल गुलाबी रंगवले म्हणून नजर थोडीच बदलते? घर सासूबाईंच्या मालकीचं, वरचा मजला लेक-जावयाचा, आणि बुटका बरोबर अंगणातल्या जिन्याच्या तोंडाशी. मध्यमवर्गीय माणूस पुष्कळ सोसतो. रांगेत उभा राहतो, कारकुनाचं ऐकून घेतो, मूर्ख हेडमास्तरच्या विनोदाला हसतो. पण रोज सकाळी दारात उभं राहून कोणी 'हा होय जावई' अशा नजरेनं बघायला लागलं तर त्यालाही सीमा असते.

सासूबाई बहिणीकडे गेल्या असताना त्यानं बुटक्याला घोंगडीत गुंडाळलं, घसरगाडीवर घातलं आणि धुक्यात गोठलेल्या तलावावर नेलं. जागा कुठली? तलावाच्या खोलीचा नकाशा त्यानं स्वतः वर्गातल्या पोरांकडून काढून घेतला होता. सगळ्यात खोल जागा त्याला तोंडपाठ होती. बर्फाला भोक पाडून त्यानं सासऱ्यांना तिथंच निरोप दिला. शिक्षण हे असं माणसाला बुडवतं.

परत आल्यावर सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. पोलिसात तक्रार गेली. हवालदारानं वर्णन लिहून घेतलं: उंची गुडघ्याएवढी, टोपी लाल, स्वभाव शांत. लुबोरला हसू येत होतं. पण मग सासूबाई जिन्याच्या तोंडाशी मोकळ्या जागेकडे बघत उभ्या दिसल्या आणि हसू आपोआप जिरलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आता सांगायचं म्हणजे घर सोडायची तयारी ठेवायची. आणि न सांगावं तर ऑक्टोबरात सगळं गाव, बँडबाजा, आणि सर्वांत पुढं कढईशी उभ्या सासूबाई यांच्या साक्षीनं याखिम जाळ्यातून वर येणार. गावात बर्फ फोडणारी पहार दोघांकडेच. एक तलावाच्या कचेरीत, एक लुबोरकडे. म्हणजे बोट कोणाकडे वळणार ते उघडच होतं.

आधी त्यानं काठावरून गळ टाकून पाहिला. सायकल लागली. पुन्हा टाकला. आणखी एक सायकल लागली. तेव्हा त्याला कळून चुकलं की खाली उतरण्यावाचून गत्यंतर नाही.

पाणबुड्याचं सामान दुकानात मिळत नसे. त्या वर्षी दुकानात कांदेही मिळत नव्हते, त्यामुळे याबद्दल कोणी आवाज उठवला नव्हता. जिल्ह्याच्या पाणबुडी मंडळाकडे सगळं होतं, पण तिथं डॉक्टरचा दाखला, शाळेचं शिफारसपत्र, व्याख्यानं, आणि पाण्यात उतरायची परवानगी थेट पुढच्या उन्हाळ्यात. मग या देशातल्या प्रत्येक स्वाभिमानी माणसानं जे केलं असतं तेच लुबोरनं केलं. स्वतः बनवायला बसला.

तांत्रिक हौशी लोकांच्या एका मासिकात आराखडा सापडला. श्वासाच्या यंत्रासाठी गॅसच्या शेगडीचा रेग्युलेटर घ्या, बुटाच्या पॉलिशचा मोठा डबा घ्या, त्यात रबरी पडदा बसवा. चित्रं सुबक होती. अडचण एकच होती. लेख दोन भागांत होता, आणि पहिल्या भागात फक्त श्वास घ्यायचा कसा ते दिलं होतं. सोडायचा कसा ते पुढच्या अंकात, आणि तो अंक संपला होता.

"सोडायला काय लागतं?" कुंपणावरून हाबार्तकाका म्हणाले. "जन्मल्यापासून सोडतोय आपण. भोक पाडा डब्याला."

"पण पाणी आत येईल ना काका."

"मग एकाच बाजूनं उघडणारं भोक पाडा! सगळं मीच सांगायचं का? पण मास्तर, हे सगळं कशासाठी?"

"शाळेसाठी. तळाचे शिंपले गोळा करायचेत. प्रदर्शन आहे."

"शिंपल्यासाठी?" काकांनी त्याला वरून खाली पाहिलं. "बायकोशी काही बिनसलंय का?"

पडद्यासाठी बायकोची, म्हणजे यित्काची, गरम पाण्याची रबरी पिशवी कापली गेली. नळीसाठी शाळेच्या कपाटातला विषारी वायूचा मुखवटा आला. युद्ध झालं तर सातवीतल्या एका पोराला नळीशिवाय लढावं लागणार होतं, पण लुबोरनं देशावर विश्वास ठेवला. पहिली चाचणी न्हाणीघरातल्या टबात झाली. यंत्रानं हवा दिली, अगदी उदारपणे दिली, आणि प्रत्येक श्वासाला बुटाच्या काळ्या पॉलिशचा वास दिला. लुबोर बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडाभोवती गोल काळं वर्तुळ उमटलं होतं. ते आठवडाभर गेलं नाही. हेडमास्तर म्हणाले, "पेशेक, मिशी वाढवताय की काय? दोन्ही बाजूंनी?"

मग अंगातला पोशाख. शेतीसंस्थेकडून रबराची जुनी चादर मिळाली. स्वयंपाकघरात जमिनीवर आडवं पडून लुबोरनं यित्काला खडूनं आपला आकार काढायला सांगितला.

"खून झालेल्या माणसाचा काढतात तसा दिसतोय," यित्का म्हणाली.

"बारीक काढ थोडा. कंबरेशी."

"मी जे आहे तेच काढणार."

पण कापताना मास्तरांनी स्वतःच्या मतानं कंबर आत घेतली. स्वाभिमान हा असा नको तिथं आडवा येतो. डिंक लावून जोडलेला पोशाख अंगात चढला खरा, अर्धा डबा पावडर आणि पाऊण तास घेऊन चढला. उतरेना मात्र. डिंक आतून सुटला होता आणि आता तो रबराइतकंच प्रेम लुबोरच्या पाठीवर करत होता. यित्कानं ओढलं. हाबार्तकाकांना बोलावलं, त्यांनी भिंतीला पाय लावून ओढलं. शेवटी यित्का कोंबडी साफ करायची कात्री घेऊन आली.

"चाळिशीत पुरुषांना काहीतरी होतं म्हणतात," ती कापता कापता म्हणाली. "कोणी बाई ठेवतो, कोणी मोटारसायकल घेतो. माझ्या नशिबी रबर."

एवढ्यात खालून सासूबाई वर आल्या. स्वयंपाकघरात जावई काळ्या सालीतून अर्धा बाहेर, शेजारी घामाघूम, लेकीच्या हातात कात्री. सासूबाईंनी शांतपणे टेबलावरची मिठाची बरणी उचलली आणि दाराशी वळून म्हणाल्या, "याखिम होता तोवर या घरात असं काही होत नव्हतं."

हे वाक्य लुबोरला कात्रीपेक्षा जास्त लागलं.

दुसरा पोशाख सैल झाला. आता बुडायला वजन हवं. पाणबुडे कमरेला शिसं बांधतात. शिसं होतं, जुने पाइप पडले होते. वितळवून ओतायला साचा नव्हता. अख्ख्या घरात वितळलेला धातू सोसेल असा साचा एकच होता: ईस्टरला कोकराच्या आकाराचा केक भाजतात, त्याचा. सासूबाईंच्या आईचा, जाड बिडाचा. डाव्या कानाला पोचा होता, म्हणून या घरचं कोकरू गावात एका वाकड्या कानावरून ओळखलं जायचं. ईस्टर होऊन गेला होता. लुबोरनं साचा धुवून जागच्या जागी ठेवला आणि त्याच्या हाती आलं एक चकचकीत, गोजिरवाणं, दगडापेक्षा जड कोकरू. वाकड्या कानासकट.

राहिलं हवेचं नळकांडं. शाळेतलं आग विझवायचं एक जुनं पोलादी नळकांडं भंगारात निघालं होतं, ते त्यानं आणलं. पण तपासणीचा शिक्का असल्याशिवाय पाणबुडी मंडळ हवा भरून देत नसे. तो तपासणी कचेरीत गेला. खिडकीमागे एक बाई पाव खात होत्या.

"आग विझवायचं आहे हे," त्या म्हणाल्या. "यात काय भरणार?"

"हवा."

"हवेनं आग भडकते."

"मला आग विझवायची नाही."

"मग आग विझवायचं नळकांडं कशाला आणलंत?"

"श्वास घ्यायला."

बाईंनी पाव खाली ठेवला. "श्वासाचं काम इथं होत नाही. ते इस्पितळाकडे."

"अहो, पण मी आजारी नाही."

"मग श्वास घ्यायला काय झालं? आम्ही घेतोच आहोत ना सगळे?"

लुबोर तीन वेळा त्या खिडकीशी गेला आणि तीन वेळा नळकांडं खांद्यावर मारून परत आला. अशा खिडक्यांमागे माणसं बसवतात ती काम करायला नसतात. माणूस किती वेळा परत येतो हे मोजायला असतात. चौथ्यांदा हाबार्तकाका बरोबर आले, खिडकीवर कोपर टेकवून म्हणाले, "बाई, बिअर उपसायच्या पंपाचं आहे हो हे. खानावळीचं. शनिवारी लग्न आहे."

"मग आधी नाही का सांगायचं!" बाई कळवळल्या. नळकांडं आतल्या खोलीत गेलं, खरोखरच दाब देऊन तपासलं गेलं, आणि शिक्का उठला: बिअरसाठी योग्य. पाणबुडी मंडळाच्या माणसानं तो शिक्का वाचला, लुबोरकडे पाहिलं, "सरकारी आहे ना? मग झालं," म्हणाला आणि हवा भरली.

सप्टेंबर सरत आला होता. तलावाची दारं उघडली गेली होती आणि पाणी रोज थोडं खाली जात होतं. उद्यापासून चोरट्यांवर नजर ठेवायला बांधावर राखणदार बसणार होते. म्हणजे आजच. हाबार्तकाका कपडे वाळत घालायची दोरी धरून काठावर उभे राहिले. दोरीचं दुसरं टोक लुबोरच्या कमरेला.

"तीनदा ओढलं की वर खेचा," लुबोर म्हणाला.

"शिंपले जड असतात का एवढे?"

"काही काही असतात."

कोकरू कमरेच्या पट्ट्याला अडकून पोटाशी लटकत होतं, पाठीवर बिअरचं नळकांडं, तोंडात पॉलिशचा डबा. एक बदक त्याच्याकडे बघत राहिलं आणि मग मान फिरवून निघून गेलं.

खाली काहीच दिसत नव्हतं. चहात बुडी मारल्यासारखं. मासे अंगाला घासून जात होते, मोठे, मांजराएवढे, आणि आपल्या घरात कोण शिरलं म्हणून ढुशा देत होते. लुबोर चिखलात गुडघ्यांवर रांगत होता, हात पुढं करून, आणि छाती इतक्या जोरानं धडधडत होती की हे मासे पळून कसे जात नाहीत याचं त्याला नवल वाटलं. मग बोटांना एक नाक लागलं. नाकाखाली मिशी. मिशीखाली पाईप.

"बाबा," लुबोर डब्यात म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला.

त्यानं स्वतःच्या कमरेची दोरी सोडली, सासऱ्यांच्या गळ्याला घट्ट गाठ मारली आणि तीनदा ओढली. दोरी ताणली. याखिम उठले, थोडे वर आले, लुबोरनं खालून ढुंगणाला रेटा दिला. मग वर काठावर हाबार्तकाका ओरडले, "मास्तर, काय खाल्लंत हो सकाळी!" आणि दोरी तुटली. याखिम परत खाली आले, ते थेट लुबोरच्या मांडीवर. तो दचकून ओरडला. डब्यातला पडदा हा श्वासासाठी होता, ओरडण्यासाठी नव्हता. तो फाटला. पुढचा श्वास हवेचा नव्हता, तलावाचा होता.

त्या क्षणी लुबोरला सासूबाई, घर, गाव, कोणीही आठवलं नाही. हातानं पोटाशी चाचपडून त्यानं पट्ट्याचा खटका उघडला. त्या एका खटक्यापुरतं त्याचं कारागिरीचं काम निर्दोष होतं. कोकरू खाली गेलं, आणि सैल रबरात हवा भरलेला मास्तर बाटलीच्या बुचासारखा वर उडाला. काकांनी मानगूट धरून त्याला काठावर ओढलं, पालथा घातला, पाठीत गुद्दे घातले. तलाव नाकातोंडातून बाहेर आला. मग हवा आत गेली, नुसती, साधी, पॉलिशशिवायची हवा. लुबोर गवतावर पडून ती घेत राहिला.

"जिवंत आहात?" काकांनी त्याचे गाल थोपटले. "शिंपले मरू देत हो, मास्तर. पोरांना चित्रं दाखवा."

त्यानंतर काही करण्यासारखं राहिलंच नाही. आता खड्ड्यात सासरेही होते, आणि साऱ्या गावाला ओळखू येणारं कोकरूही.

मासे धरायच्या दिवशी थंडी कडक होती. बांधावर गाव लोटलं होतं, बँड वाजत होता, चहात रम पडत होती. सासूबाई कढईशी, लुबोर पिठाशी, यित्का पैसे घ्यायला. या वेळी लुबोरचं तोंड तलावाकडे होतं. कोळी कंबरभर चिखलात गोल उभे राहून जाळं आवळत होते. पाणी माशांनी उकळल्यासारखं झालं होतं.

"अरे थांबा! माणूस आहे!" एक कोळी ओरडला.

बँड थांबला. दोघांनी मिळून ते वर काढलं आणि चिखल पुसला. लाल टोपी दिसली.

"अरे, हे तर आपले याखिमदादा!"

सासूबाईंनी झारा कढईत टाकला आणि तशाच बूट घालून चिखलात उतरल्या. लुबोर मागोमाग गेला, कारण पाय जात होते. बुटक्याच्या दाढीला शेवाळ लागलं होतं. गळ्यात वाळत घालायची दोरी होती, एक चिमटा अजून लटकत होता. तेवढ्यात दुसऱ्या कोळ्यानं जाळ्यातून आणखी काहीतरी उचललं, वाकून दोन्ही हातांनी आणलं आणि याखिमच्या पायाशी ठेवलं. शिशाचं कोकरू.

सासूबाईंनी त्याचा वाकडा कान बोटानं चाचपला. मग दोरी पाहिली. मग मागं वळून जावयाकडे पाहिलं. तोंडाभोवती अजून पुसट काळं वर्तुळ असलेल्या, गावभर हसं झालेल्या, एकदा रबरात अडकून बसलेल्या जावयाकडे. लुबोरनं डोळे मिटले. सामान कुठं हलवायचं याचा विचारसुद्धा त्यानं सुरू केला.

"म्हणजे यासाठी," सासूबाई म्हणाल्या. "यासाठी तो पोशाख, तो डबा. चोरांनी माणसाला इथं आणून टाकलं हे तुला कळलं, आणि तू एका शब्दानं न बोलता त्याला काढायला खाली गेलास. गळ्याला दोर बांधलास. मरता मरता वाचलास असं हाबार्त सांगत होता, आणि मी म्हटलं, शिंपल्यासाठी मरतोय मूर्ख!"

लुबोरनं तोंड उघडलं. आतून एकही शब्द आला नाही, आणि तो न आल्याबद्दल पुढं आयुष्यभर तो स्वतःचा ऋणी राहिला.

"दोर गळ्याला नव्हता बांधायचा," त्या नाक ओढत म्हणाल्या. "कमरेला बांधायचा. पण असू दे. भूगोलवाला आहेस." आणि चिखलानं भरलेल्या हातांनी त्यांनी त्याला सगळ्या गावासमोर छातीशी धरलं. बँडवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मिरवणुकीची चाल सुरू केली. हाबार्तकाका रमचा पेला उंचावून ओरडले, "पण मास्तर, मला तरी सांगायचं होतंत!"

याखिम पुन्हा जिन्याच्या तोंडाशी आले. आता ताजा रंग होता, पायाशी कोकरू होतं, आणि दोघांना जमिनीत सिमेंटनं असं पक्कं बसवलं होतं की जागचं हलवणं चार माणसांच्या आवाक्याबाहेरचं होतं. नजर तीच होती. पण लुबोरला ती कितीतरी दिवसांनी साधी वाटली. उन्हात बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची असते तशी.

एका संध्याकाळी लुबोर आणि यित्का वर स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे होते. खाली सासूबाई बुटक्याची टोपी पुसत गुणगुणत होत्या. लुबोरनं लांब श्वास घेतला आणि सोडला. दोन्ही भाग, नीट.

यित्का ताटं पुसत होती. शेवटचं ताट ठेवत ती म्हणाली,

"पुढच्या वेळी काठाजवळ टाक."